एका ब्राउझरवर भागव

सरांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. सर म्हणजे नाशिकच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले माझे टीम लीड. मी तिथे टेस्टर, परमनंट व्हायची वाट बघत होते. वडील ओझरच्या कारखान्यातून रिटायर होणार होते, त्यामुळे घर माझ्याच नोकरीवर चालायचं होतं.

जवळच एकलहऱ्याच्या केंद्रात वीज तयार होते आणि आमच्या ऑफिसात रोज दुपारी लोडशेडिंग. लाइट जायच्या आत टेस्ट उरकायच्या. माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, आपोआप ब्राउझर उघडून एका नावाने लॉगिन करायची, लॉगआउट करून दुसऱ्या नावाने लॉगिन करायची, दोन्हीकडे तपासायची, मग ब्राउझर बंद करून आधीचं सगळं पुसायची. पुढची टेस्ट परत कोऱ्या ब्राउझरवर.

सर म्हणाले, "एवढा वेळ कुठाय? सकाळी एकदाच लॉगिन कर, एका ब्राउझरवर भागव."

"सर, मग एक जण उठून दुसरा बसला तर काय होतं, ते कळणारच नाही. त्यापेक्षा इन्व्हर्टर मागा ना."

"तू फार शहाणी." मालकांकडे इन्व्हर्टर मागायची त्यांची छातीच नव्हती. मी चरफडत स्क्रिप्ट बदलली.

आम्ही बनवत होतो ती साइट दिंडोरीच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याची होती. प्रत्येक बागायतदाराला लॉगिन केल्यावर फक्त स्वतःच्या मालाचा भाव दिसायला हवा होता. दाखवायच्या दिवशी व्यापारी दोन बागायतदारांना घेऊन आला. पहिल्याने आपला भाव बघून लॉगआउट केलं. दुसरा त्याच खुर्चीत बसला, स्वतःचा पासवर्ड टाकला, आणि समोर पहिल्याचाच भाव. त्याच्यापेक्षा चांगला.

"ह्याला येवढा, अन् मला का नाय?" तो व्यापाऱ्यावर उखडला. व्यापारी आमच्याकडे न बघताच उठून गेला, आणि काम गेलं.

संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये सर म्हणाले, "मी हिला कानीकपाळी ओरडून सांगत होतो, प्रत्येक टेस्टला नवा ब्राउझर उघड म्हणून." माझंच बोलणं, माझ्याच तोंडावर. जीभ जरासुद्धा अडखळली नाही मेल्याची. मी तोंड उघडलं, तर मालक म्हणाले, "वरिष्ठांचं ऐकायचं असतं. उद्यापासून येऊ नका."

वडिलांना काय सांगायचं, याचाच विचार करत मी घरी गेले.

थोड्या दिवसांनी तिथल्या मैत्रिणीचा फोन आला. ऑफिसात इन्व्हर्टर बसला होता. माझी जुनी स्क्रिप्ट परत लावली होती, प्रत्येक टेस्टला नवा ब्राउझर.

"सरांचा नियम आहे," ती म्हणाली.