रविवारची तीन मिनिटं

नवरा दहा महिन्यांसाठी परदेशी प्रशिक्षणाला निघाला तेव्हा मोटारसायकलची किल्ली त्याने समोरच्या घरात राहणाऱ्या हिंदीभाषक सहकाऱ्याच्या हातात दिली. मी शेजारीच उभी होते. "हर रविवार ज़रा चालू करते रहिए, नहीं तो बैटरी बैठ जाएगी," एवढंच तो त्यांना म्हणाला. मी रसायनशास्त्रात संशोधन करत होते, आणि शिसं आणि आम्ल यांचं काय होतं हे त्या दोघांपेक्षा मला नक्कीच जास्त कळत होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

हिंदी मुलखातल्या आमच्या इंदिरा नगरात तेव्हा निम्मे प्लॉट मोकळेच होते. रविवारी सकाळी नऊला गाडीचा आवाज सगळ्या गल्लीत घुमायचा. हे समोरचे शेजारी किक मारत, दिवा लावून बघत, दोनदा हॉर्न वाजवत आणि तीन मिनिटांत गाडी बंद करून चहाला आत येत.

पाचव्या रविवारी हॉर्न घोगरा झाला. मी म्हटलं, "भाईसाहब, तीन मिनट में बैटरी चार्ज नहीं होती, उलटे खाली होती है. एक तो लंबा चक्कर लगाइए, नहीं तो निकालकर चार्ज करवाइए."

ते हसले. "भाभीजी, यह आपके बस का काम नहीं."

आणखी दोन आठवड्यांनी त्यांनी जाहीर केलं, बॅटरी गेली, नवीन घ्यावी लागेल. ते गेल्यावर मी बाजूचं झाकण उघडलं. टर्मिनलवर पांढरा चुरा साचला होता आणि पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. दोन महिन्यांत एकदाही कुणी आत डोकावलं नव्हतं! पाना आणून मी बॅटरी काढली, डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि बादलीत सरळ उभी ठेवून रिक्षाने दुकानात नेली.

दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहब को भेज दीजिए."

"साहब विदेश में हैं. एक एम्पियर पर लगाइए, धीरे-धीरे. जल्दी की तो प्लेटें खराब होंगी."

आता मात्र त्याने मान वर केली. आम्लाची घनता मोजायच्या हायड्रोमीटरची नळी आत घालून त्याने मला आकडा दाखवला, आणि बसायला स्टूल पुढे केलं. दुसऱ्या दिवशी बॅटरी उठली.

मी किल्ली परत मागितली. शेजाऱ्यांनी ती दिली, पण ते दुखावले आणि त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिलं. नवऱ्याचं मला पत्र आलं: "तू त्यात हात घालू नकोस. त्यांना वाईट वाटतं." त्यांना वाईट वाटतं! नंतर त्याला हवापाणी, पोळ्या, प्रयोगशाळा असं सगळं लिहिलं, बॅटरीबद्दल मात्र एक अक्षर नाही. बॅटरी मी गाडीतून काढूनच ठेवली. महिन्यातून एकदा पाणी बघायचं, चार्ज करून आणायची, टर्मिनलला व्हॅसलीन लावायचं. एवढंच तर काम होतं.

तो यायच्या आदल्या दिवशी मी बॅटरी जोडली. त्याने दुसऱ्याच किकला गाडी सुरू केली, गल्लीभर फेरी मारली आणि शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकला. "आपने बहुत अच्छे से संभाला."

"अरे, यह तो फ़र्ज़ था," शेजारी म्हणाले.

मी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. "झूठ मत बोलिए, भाईसाहब. आपने तो दो महीने में बैटरी मार दी थी. आठ महीने उसे मैंने पाला है." मग नवऱ्याकडे वळून मराठीत म्हटलं, "आणि तुम्ही मला हात घालू नकोस म्हणून लिहिलंत."

शेजारी चहा न घेताच उठले. "चारचौघांत असं बोलतात का?" नवरा म्हणाला. चारचौघं कुठली, आम्ही तिघंच तर होतो.

त्याने माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी त्याचं पुन्हा चार महिने बाहेर जायचं ठरलं, तेव्हा जेवताना त्याने हळूच विचारलं, "बॅटरीत पाणी कुठपर्यंत भरायचं असतं गं?"

मी सांगितलं. पण माझा राग तेवढ्याने गेला नाही, आणि आजही तो पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही.