कपाट उचलणाऱ्याचा श्वास

हॉस्पिटलात तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. मेंदूचा रक्तप्रवाह तपासायच्या खोलीत ती अठरा वर्षं काम करत होती, आणि समोर कोणीही आडवा पडलेला असो, तपासणी एकदा झाली की म्हणायची, "पुन्हा." दुसऱ्यांदा आकडा जुळल्याशिवाय ती रिपोर्टावर सही करत नसे. म्हणून तोंडावर ताई आणि पाठीमागे पुन्हाबाई. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कामावरून नाव पडलं तर काय वाईट? लोकांची नाकावरून पडतात.

काम ऐकायला अवघड वाटतं, पण आहे साधं. कानशिलापाशी हाड पातळ असतं. तिथे जेल लावून प्रोब टेकवायचा आणि तसूतसूने फिरवत बसायचं. आतली रक्तवाहिनी सापडली की मशीनमधून आवाज येतो, सूं-सूं, सूं-सूं, आणि स्क्रीनवर रक्ताचा वेग दिसायला लागतो. मग माणसाला म्हणायचं, अर्धं मिनिट श्वास रोखा. श्वास थांबला की धडधाकट मेंदू आपल्या वाहिन्या सैल करतो, जास्त रक्त ओढून घेतो आणि वेग वाढतो. ज्यांच्या मानेतली रक्ताची नळी अरुंद झालेली असते त्यांच्यात हेच बघायचं असतं, की अडीनडीला जास्तीचं रक्त ओढायची ताकद मेंदूत शिल्लक आहे की नाही. असेल तर इथले सर्जन गोळ्यांवर भागवायचे. नसेल तर मान उघडून नळी साफ करायचे.

गुरुवारी तिच्याकडे कपाटवाले काका आले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं हलवली होती. कपाटं, फ्रिज, एकदा तर अख्खा पियानो जिन्यावरून चौथ्या मजल्यावर. त्यांची मान म्हणजे नुसता खांब, पण त्या खांबातली डावी नळी पाऊण बंद होती. त्यात हृदय थकलेलं. सर्जननी काकूंना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, की यांना भूल सोसेल की नाही याची खात्री देत नाही, पण मेंदूत ताकद उरली नसेल तर कापल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हापासून काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसायच्या.

"श्वास रोखा," पुन्हाबाई म्हणाली. काकांनी रोखला. वेग वाढला तर नाहीच, उलट घसरला. डावीकडे घसरला, तसा उजवीकडेही घसरला. उजवी नळी तर चांगली होती, मग तिकडे का? तिला प्रश्न पडला, नाही असं नाही. पण बाहेर नऊ जण खोळंबले होते आणि स्क्रीनवरची रेघ अशी स्वच्छ आली होती की कुठे बोट ठेवायला जागा नाही. वय झालंय, असेल, असं मनाशी म्हणून तिने सही केली. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती पुन्हा म्हणाली नाही. सर्जननी रिपोर्ट वाचला आणि मंगळवारची तारीख दिली.

शुक्रवारी दुपारी काका ऑपरेशनआधीचं रक्त द्यायला आले होते. त्यांचं नशीब म्हणा की पुन्हाबाईचं, त्याच वेळी दोन कामगार एक लोखंडी कपाट दारातून आत घ्यायला झटत होते आणि ते काही केल्या वळत नव्हतं. आता कपाट अडलेलं असताना काका गप्प बसतील? "सरका," ते म्हणाले. "कपाटाशी भांडायचं नसतं." आणि काकू ओरडेपर्यंत त्यांनी छाती भरून घेतली, ओठ मिटले, पोट आवळलं. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या आणि कपाटाचा कोपरा अलगद वर आला.

पुन्हाबाई चहाचा कप घेऊन तिथूनच चालली होती. तिने आधी काकांना चांगलं झापलं, मग कामगारांना झापलं, आणि मग वळून काकांच्या लालबुंद चेहऱ्याकडे नीट बघितलं. हा चेहरा तिने काल पाहिला होता, ओझरता, स्क्रीनच्या कडेने.

असा जोर लावून श्वास कोंडला की छातीत दाब चढतो, हृदयाकडे रक्त कमी येतं आणि डोक्याकडेही कमी जातं. वेग घसरणारच. धडधाकट माणसाचाही घसरेल. काकांनी काल श्वास रोखलाच नव्हता. त्यांनी तिच्या पलंगावर आडवं पडून कपाट उचललं होतं. आणि त्या कपाटापायी मंगळवारी त्यांची मान उघडणार होते.

घरी ती आली ती तोंड पाडूनच. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण दिसायचं सगळं.

"काय झालं गं?"

"माझं चुकलं, आई."

"काय?"

"माझं चुकलं."

"नीट बोल. पुन्हा सांग."

"माझं चुकलं," ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. मग सगळंच सांगितलं, त्याच आवाजात. काल पुन्हा तपासलं असतं तर चेहरा दिसला असता, हे सांगताना तिला रडू आलं. ओरडत रडणं सोपं नसतं, पण तिने ते केलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरला सांग. त्याला तर नीट ऐकू येतं ना?"

जी गोष्ट अख्ख्या मजल्याला ऐकवून झाली ती एका माणसाला सांगायला काय लागतं? शनिवारी सकाळी तिने सर्जनना गाठलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पुन्हाबाईच्या रिपोर्टात चूक?" ते म्हणाले आणि लगेच चपापले, कारण तोंडावर हे नाव घ्यायची पद्धत नव्हती.

"चूकच. मला पुन्हा तपासू द्या."

त्यांनी कागद मागवला, बघितला, बराच वेळ बघितला. "दोन्ही बाजू पडल्यात. हे माझ्याही डोळ्यांत भरायला हवं होतं," ते म्हणाले. "आज दोनपर्यंत सांगा. पण एक लक्षात ठेवा, नीट तपासूनही मेंदू ढिम्म राहिला तर मंगळवार आहेच."

ते तिला सांगायची गरज नव्हती. रात्रभर तिला तेच तर भेडसावत होतं.

तिने फोन करून काका-काकूंना बोलावून घेतलं. काका आडवे झाले. डोक्याला पट्टा, दोन्ही कानशिलांना प्रोब. "काका, जोर लावायचा नाही. नुसतं थांबायचं." काकांनी मान डोलावली आणि छाती भरली, ओठ मिटले, पोट आवळलं. रेघ खाली. पुन्हा. तेच. "श्वास थोडा सोडा आणि मग थांबा." तेच. चाळीस वर्षं श्वास धरायचा तो वजन उचलायलाच, दुसऱ्या कशाला धरतात हे त्या शरीराला माहीतच नव्हतं. सव्वा वाजला. काकांच्या कपाळावर घाम आला.

"ताई, मला जमायचं नाही," ते म्हणाले. "कापा म्हणावं."

दारापाशी बसलेल्या काकू तेव्हा उठल्या.

"अहो, दुपारी आपली छकुली नात तुमच्या छातीवर झोपते तेव्हा काय करता?"

"काय करणार? हलत नाही."

"श्वास तरी घेता का? मी बघते ना रोज. पोरगी जरा कुरकुरली की तुम्ही आहात तिथे थांबता." काकूंनी पर्स खाली ठेवली, आपली शाल घडी करून काकांच्या छातीवर ठेवली आणि त्यांचा जाडजूड हात त्यावर ठेवला. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. उठवू नका."

काकांनी डोळे मिटले. छाती भरली नाही, पोट आवळलं नाही. हात शालीवर तसाच राहिला आणि श्वास थांबला.

पुन्हाबाई आता दोन ठिकाणी बघत होती, एकदा स्क्रीनकडे, एकदा चेहऱ्याकडे. चेहरा शांत होता. उजवीकडे बावन्नवरून साठ, सदुसष्ट, चौऱ्याहत्तर. डावीकडे सेहेचाळीस. सेहेचाळीसच. दहा सेकंद झाले. सत्तेचाळीस. पन्नास. मग सूं-सूंचा आवाज चढू लागला, चौपन्न, अठ्ठावन्न, आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला एकसष्ट.

"सोडा श्वास," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा." दुसऱ्यांदाही आकडे तेच आले. पावणेदोनला सर्जननी मंगळवारच्या यादीतलं नाव खोडलं. गोळ्या चालू ठेवायच्या, दर सहा महिन्यांनी तपासायचं आणि कपाटांच्या वाटेला जायचं नाही, असं त्यांनी बजावलं. तिसरी अट काकांना जड गेली.

निघण्याआधी काका पलंगाच्या कडेवर बसून म्हणाले, "ताई, तो मघाचा आवाज माझ्या डोक्यातला?"

"तुमच्याच. आत रक्त धावतंय त्याचा."

"ऐकलंस?" ते काकूंना म्हणाले. "जन्मभर म्हणत आलीस, तुमच्या डोक्यात काही म्हणजे काही चालत नाही."

पुन्हाबाईने डाव्या कानशिलाला प्रोब टेकवला आणि आवाज मोठा केला. सूं-सूं, सूं-सूं. काकू नेहमीसारखं काहीतरी तिखट बोलतील म्हणून काका वाट बघत होते. पण त्या मशीनला कान लावून उभ्या राहिल्या, चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या. जेल सुकत आलं तसा आवाज विरत गेला आणि पुन्हाबाईने प्रोब उचलला.

"पुन्हा," काकू म्हणाल्या.

बाहेर सात जण खोळंबले होते. पुन्हाबाईने जेलची बाटली उचलली.