अस्पष्ट ध्वनी

माझी बढती एका यंत्राच्या हातात गेली आणि माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं झाशीत भूगोल शिकवतेय. आता प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात नवीन टूम निघाली. प्रत्येकाने आपल्या वर्गासमोर एक पाठ घ्यायचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तो ऐकून गुण द्यायचे. नापास झालात की बढती अडकली.

सरावाच्या पाठातच मला त्याने आपटलं. मी प्रश्न विचारते आणि कोणीतरी बोलेपर्यंत गप्प उभी राहते, ही माझी जुनी खोड. त्या शांततेपुढे यंत्राने लाल अक्षरांत लिहिलं, 'शिक्षक निष्क्रिय'. निष्क्रिय! मी!

लक्ष्मी गेट भागातल्या आमच्या घरी येऊन लेकीपुढे चडफडले. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत.

"आई, बस चुप मत रहना. कुछ भी बोलती रहना."

"म्हणजे नुसती बडबड करू?"

"हाँ. पास हो जाओगी."

परीक्षेचा दिवस उजाडला. समोर वर्ग, बाजूला प्रशिक्षक, भिंतीवर पडदा. बोलू ते लगेच तिथे उमटत होतं. मी हिंदीत बडबडत सुटले. पडद्यावर सगळं हिरवं. मग विहिरींवर आले आणि सवयीने विचारून बसले: दोन गावं शेजारी-शेजारी, एकीकडे विहिरीला पाणी, दुसरीकडे ठणठणाट. असं का?

आणि गप्प झाले. पडदा लाल झाला. बोल गं बाई, सांगून टाक उत्तर, मी स्वतःलाच म्हणत होते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची गरौठा गावाहून येणारी मुलगी अर्धवट उठताना दिसली. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"उतै नैचें पथरा है," ती बुंदेलीत म्हणाली, "पानी भीतर जातइ नइयाँ."

खाली खडक आहे, पाणी मुरतच नाही. अगदी बरोबर! मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पडद्यावर तिच्या उत्तराच्या जागी आलं, 'अस्पष्ट ध्वनि'.

पाठ संपला. गुण थोडेसेच कमी पडले. प्रशिक्षक माणूस भला, म्हणाला, "मैडम जी, वो लड़की वाला हिस्सा हटा दें? आप पास हैं."

मी काही बोलायच्या आत ती मुलगीच उभी राहिली. "मैडम, हमाई बात काट देओ. आपको काम बिगर जैहै."

माझं काम बिघडेल म्हणून स्वतःचं बोलणं काढून टाका म्हणत होती! माझं टाळकंच सरकलं. राग आला की माझ्या तोंडून हिंदी निघत नाही.

"खबरदार, तिच्या एका शब्दाला हात लावाल तर!"

रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. पडद्यावर माझ्या वाक्याच्या जागीही आलं, 'अस्पष्ट ध्वनि'.

ते वाचून ती मुलगी फिसकन हसली, मग मीही. पाठ तसाच पाठवला. बढती अजून अडकलेलीच आहे. ती मुलगी मात्र आता वर्गात गप्प बसायचं नाव घेत नाही.