समासातलं नंदाचं अक्षर

मैत्रिणींनो, मंडळाच्या या फिरत्या वहीत मी एरवी उपासाचे पदार्थच लिहिते. आज मात्र डोकं इतकं तापलंय की राहवत नाही.

आपण आळीपाळीने वाचतोय ती एकत्र कुटुंबाची जाड कादंबरी दुपारी एकदाची माझ्याकडे आली. त्यातली मोठी जाऊ सकाळी पोथी घेऊन बसते, ती स्वयंपाक उरकल्यावरच उठते. त्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘हुबेहूब आमच्या ताई!’ अक्षर नंदाचं, माझ्या धाकट्या जावेचं.

मी पुस्तक घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले. “नंदा, हे काय गं?”

“अगं बाई! खोडायचंच राहिलं. अहो ताई, गंमत हो. कादंबरीच आहे ना ती?”

“गंमत? तुझ्यानंतर सहा जणींनी वाचलीय. आता काय अख्ख्या बोरीवलीला दाखवायचंय?”

“मग कोणी काही बोललं का तुम्हाला?”

कोणीच बोललं नव्हतं. तेच तर जास्त लागलं. पोथी मी देवासाठी वाचते, कामं टाळायला नाही. तेव्हा कणीक नंदा मळते, हे खरं. पण तिने एकदा तोंडावर सांगितलं असतं, तर मी अर्धा तास आधी उठले नसते का? दहा वर्षं एका घरात राहून हे मला पुस्तकातून कळावं?

तुम्ही सहाही जणी मला रोज आरतीला भेटता. खरं सांगा, ती ओळ वाचून तुम्ही नुसत्या हसलात, की माना डोलावल्यात?