अर्ध्या मैदानाचं गाणं

आमच्या गावातल्या नववी-दहावीच्या पोरांचं एक कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. पोरं चांगली धडधाकट. मोडनिंबच्या बाजारात भजी हाणतील, विहिरीत उड्या टाकतील. पण मोबाईलवर गाणी ऐकणार ती सगळी धोका खाल्लेल्या माणसाची. तिनं सोडलं, काळीज फाटलं, आता जगून काय करू. पारावर असं गाणं लावून बसलेल्या एकाला मी विचारलं, "का रं, तुला कुणी सोडलं?"

"अजून कुणी धरलंच न्हाय, आबा."

"मग सुतक कुणाचं पाळतोयस?"

मी हसून घरी आलो, पण सुट्टीला आलेल्या माझ्या नातीला ही गोष्ट लागली. उत्कर्षा तिचं नाव. माझ्या अभिमन्यूची थोरली. अभिमन्यू सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात लागला तेव्हा ही लहान होती. दहावीपर्यंत ती आमच्यापाशी राहून इथल्याच शाळेत शिकली, मग आईबापाकडं सोलापूरला गेली. बारावी झाली आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली.

पोरीला आवाजाचं वेड पहिल्यापासून. एकदा अभिमन्यूनं तिला कारखाना दाखवायला नेलं. तिथल्या मागांच्या खडखडाटात मोठी माणसं कानात बोटं घालतात. ही पाय आपटत उभी राहिली, मागाच्या तालावर. आणि हट्ट म्हणाल तर तसाच. पाचवीत असताना म्हणाली, मोठी सायकल चालवता आली तरच घरी येणार. दिवेलागणीला आली ती सायकलवर बसूनच; दोन्ही गुडघे सोललेले, फ्रॉकचा खिसा लोंबतोय, आणि तोंडभर हसू. बजाबाई, म्हणजे तिची आजी, हळद लावता लावता शिव्या घालत होती आणि ही विचारत होती, "उद्या मोडनिंबपर्यंत जाऊ का?"

तर या पोरीनं ठरवलं की या पोरांसाठी आनंदाची गाणी करायची. दुकानात बसून ती मोबाईलवर गाणी तयार करायचं शिकली. पेटी नाही, तबला नाही, सगळं यंत्रातलं. मला आधी ते पटेना. म्हटलं, "उत्के, यात वाजवणारा माणूस कुठाय?"

"मीच की, आबा."

मग मोबाईल माझ्या कानाला लावून तिनं एक तुकडा ऐकवला आणि मी उडालोच. तालाला आमचंच वैरण कापायचं कडबाकुट्टीचं मशीन! घर्र, खट, घर्र, खट. मधूनच विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा ठक्क. एवढी वर्षं त्या मशीनमध्ये कडबा घातला, पण त्यावर नाचता येतं हे आम्हाला कुठं माहीत?

सात-आठ गाण्यांचा तिनं अल्बम केला आणि नाव दिलं 'उजाडलं'. एक गाणं सहामाहीत कमी मार्क पडलेल्या पोरीचं, एक पहिल्यांदा शहरात एकट्या गेलेल्या पोराचं. रडगाणं एकही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "रडाय पोरास्नी गाणं कशाला लागतंय? तेवढं त्यांचं त्यांना येतंय." मला सगळ्यात आवडलं ते चुकलेल्या एसटीचं:

एसटी गेली? जाऊ दे की,
पुढचा थांबा गाऊ दे की!

मधे दिवाळीला ती गावी आली. कानाला लावायचे हेडफोन बाजेवर ठेवून आंघोळीला गेली, आणि आमच्या शेळीनं त्यांची वायर चघळली. उजवा कान बंद पडला. बजाबाई म्हणाली, "शेळीनं खाल्लं म्हंजी गाणं चवीचं हाय." उत्कर्षा म्हणाली, "एक कान पुरं हाय मला," आणि राहिलेलं सगळं काम डाव्या कानावर केलं.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. उत्कर्षानं मुख्याध्यापक सोमशेखर सरांना गाठलं. सर कडक, गणित शिकवतात. ते म्हणाले, "एक गाणं. एकच. पोरांनी गोंधळ घातला तर बंद."

आदल्या दिवशी जेवताना तिनं आम्हाला सांगितलं, "ही गाणी मी ह्याच पोरांसाठी केलीत. त्यांनी घेतली तर ठीक. न्हाईतर सगळी पुसून टाकणार."

बजाबाईचा घास हातात राहिला. "अगं भवाने, एवढी राबलीस आन् पुसतीस कशाची?"

"मग ठेवून काय करू, आजी? लोणचं हाय का?"

ती जेवून उठली. ही बोलते ते करते, हे आम्हाला सायकलीपासून ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मैदान भरलं. आमच्या शाळेची रीत म्हणजे डावीकडं पोरी, उजवीकडं पोरं, मधे दोरी. दोन्ही बाजूंना स्पीकरचे मोठे डबे रचलेले. साऊंडवाला सिद्धराम म्हणजे ढोल वाजवणाऱ्यांच्या घरातला गडी, आता मशीन वाजवतो. मी पोरांच्या बाजूला मागं खुर्ची टाकून बसलो, बजाबाई पोरींच्या बाजूला.

एसटीचं गाणं सुरू झालं. बघतो तर पोरींची बाजू उठली! आधी पुढची रांग, मग मागची, वेण्या उडताहेत, टाळ्या पडताहेत. आमच्या बाजूला मात्र सामसूम. मलाही नीट ऐकू येईना. म्हटलं, गेले वाटतं आपले कान.

तेवढ्यात एक पोरगं ओरडलं, "पोरींचंच गाणं हाय ते! आमचं लावा!" झालं. सगळ्यांनी त्याच रडक्या गाण्याचा गलका सुरू केला. सर उठून उभे राहिले. त्यांनी गाणं बंद करायला लावलं.

उत्कर्षा सिद्धरामकडं धावली. "मामा, त्या बाजूचा डबा बंद हाय."

सिद्धरामला ते लागलं. त्यानं स्वतःकडचं गाणं लावलं, तर दोन्ही डबे दणाणले. "बघ! माझं मशीन चोख हाय. तुझंच गाणं अर्धं हाय, पोरी. सगळं डाव्या अंगाला भरलंयस."

तिचा हात आपोआप उजव्या कानावर गेला. मी स्टेजपाशी पोचलो होतो, मला दिसलं. शेळीनं वायर खाल्ल्यापासून फक्त डाव्या कानानं ऐकत केलेलं गाणं त्याच बाजूला उतरलं होतं, आणि शाळेच्या रीतीमुळं नेमकं पोरींच्या वाट्याला गेलं होतं.

"वायर बदलून दोनीकडं सोडतो," सिद्धराम म्हणाला, "पण दम धरावा लागंल."

सर म्हणाले, "आता वेळ नाही. पुढं नाटक आहे."

"सर, तुमी एक गाणं म्हणालात. ते अजून झालं न्हाय."

एवढं बोलून तिनं माईक घेतला आणि डोक्यावर हात नेऊन टाळी धरली. नुसती टाळी, मागं काही नाही. पोरींनी धरली. मग ती पोरींना म्हणाली, "त्या बाजूला काय पोचलं न्हाय. तुमी विचारा त्यांना!"

पोरी ओरडल्या, "एसटी गेली?"

पोरं गप्प. पुन्हा टाळी, पुन्हा पोरी, "एसटी गेली?"

मागून कुणीतरी चेष्टेनं ओरडलं, "जाऊ दे की!"

सगळं मैदान हसलं. उत्कर्षा हसली नाही, तिनं टाळी सोडली नाही. तिसऱ्या वेळी दहा-पंधरा गळे आले. मग पोरींपेक्षा आपला आवाज मोठा पाहिजे म्हणून सगळीच पोरं पेटली. "एसटी गेली?" "जाऊ दे की!" सिद्धराम डब्यांच्या मागं वाकून वायरी ओढत होता, तिचे तळहात लाल झाले होते. अखेर त्यानं हात वर केला. तिनं मान हलवली, पोरींना विचारू दिलं, आणि पोरांचं "जाऊ दे की" संपतंय न संपतंय तोच दोन्ही बाजूंनी कुट्टी सुरू झाली. घर्र, खट!

"आयला, ही तर आपली कुट्टी!" माझ्या पुढचं पोरगं किंचाळलं आणि उठलं. मग कोण कुठं बसलंय हे बघायची सोयच राहिली नाही. सर उभेच होते. बंद करा म्हणाले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर पोरांनी तिला घेरलं. "ताई, टाका की मोबाईलवर!"

"न्हाय. अर्धी गाणी देणार न्हाय. नीट करून आणते."

"पण पुसणार न्हाईस न्हवं?" बजाबाईनं घाईनं विचारलं.

"आजी, ही पोरं मला पुसू देतील का?"

सोलापूरला जाऊन तिनं दुकानाच्या मालकाचे धड हेडफोन मागून घेतले आणि एकेक गाणं पहिल्यापासून बसवलं. पुढच्या खेपेला मोडनिंबहून जीपमध्ये बसून गावी येत होती, तर मागं शाळेची पोरं तिचंच गाणं म्हणत होती, आणि तेही बदलून:

एसटी गेली? जाऊ दे की,
गणिताचा तास जाऊ दे की!

तिनं मागं वळून नुसतं बघितलं.

"थांबलात का? घरी या. आसंच म्हणायचं, मोठ्यानं."

आमच्या अंगणात त्यांच्याकडून म्हणवून तिनं ते मोबाईलमध्ये भरलं. 'उजाडलं' बाहेर पडला तो पोरांच्या आवाजासकट. आठवड्यात जीपमध्ये, टपरीवर, विहिरीवर तेच. पारावरच्या त्या सुतकी पोराच्या मोबाईलवरही तेच.

सोमशेखर सरांनीही ऐकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले म्हणे, "गाणं चांगलं आहे. माझा तास पहिलाच असतो. एसटी गेली तर गात गात चालत या."