डोक्यावर घ्यायचं नाही

अर्जात एक चौकोन होता. तुम्ही फर्स्ट जनरेशन विद्यार्थी आहात का? मला वाटलं, अमेरिकेत आलेली पहिली पिढी का, असं विचारतायत. मी रूममेटला विचारलं. ती पुण्याची, तिचे आईबाबा दोघंही प्राध्यापक. ती म्हणाली, "अगं, आईबाबा कॉलेजला गेले नसतील तर टिक कर." मग लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "गेलेत ना?" मी टिक केलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

अर्ज उत्खननाला जाण्यासाठी होता. मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला, भूगोल विभागात मास्टर्स करत होते. नकाशे, मोजणी, मातीचे नमुने असं माझं काम. आमच्याच इमारतीच्या तळघरात पुरातत्त्वाच्या एका प्रोफेसरबाईंची लॅब होती. दर उन्हाळ्यात त्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉर्डनला जायच्या. मृत समुद्राच्या पूर्वेला एक पठार आहे, तिथलं एक टेकाड त्या खणत होत्या. त्या प्रदेशाचा उल्लेख बायबलमध्ये येतो, म्हणून कितीतरी जण श्रद्धेनं यायचे. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना तिपाईवरचं मोजणीचं यंत्र चालवणारं कुणीतरी हवं होतं आणि ते मला येत होतं.

आणखी एक कारण होतं, ते अर्जात लिहिलं नाही. रूममेट उन्हाळ्यात वेस्ट विंडसरला काकांकडे राहून इंटर्नशिप करणार होती. बाकीचेही कुठे कुठे पांगणार होते. उन्हाळ्यात स्टेट कॉलेजमध्ये बस तासाला एक येते आणि तीही रिकामी असते. मागच्या वर्षी मी तसे तीन महिने काढले होते. एकदा तर चार दिवस ड्रायव्हरला म्हटलेल्या थँक्यूशिवाय तोंडातून शब्द निघाला नव्हता.

मुलाखतीत प्रोफेसरबाईंनी विचारलं, असं टेकाड कधी पाहिलंयस का. मी म्हटलं, आमच्याकडे गावाजवळच्या अशा उंचवट्याला पांढरी म्हणतात. तिथं जुनी वस्ती असते आणि माती राखेसारखी असते. बायका ती माती भिंती सारवायला आणतात. बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि वहीत लिहून घेतला. अमेरिकेत माझं बोलणं कुणी लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ होती.

आता आईला सांगायचं होतं.

आई नागपूरला बांधकामावर जायची. बाबा लवकर गेले. मग वीसेक वर्षं तिनं घमेलं उचललं. वाळू, विटा, माती, काँक्रीट, जे भरून दिलं जाईल ते. गुडघे गेले तेव्हा थांबली. आमच्या घरात तिचा एकच नियम होता. पोरीनं डोक्यावर काही घ्यायचं नाही. नळावरून पाणी आणायचं तर बादली हातात. दळण काखेत. मी सहा-सात वर्षांची असताना तिची चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची गोल गुंडाळी, खेळता खेळता डोक्यावर ठेवली होती. आईनं मला आयुष्यात एकदाच मारलं, ते त्या दिवशी.

फोनवर ती म्हणाली, "तिकडं काय हाय?"

"जुनं गाव आहे. जमिनीखाली."

"मंग?"

"ते बघायचं."

"ख्रिश्चन होतेस का?"

"नाही गं."

"विहारातल्या बाया इचारतीन मले." आणि मग, "काम काय पन?"

"यंत्रावर. मोजणीचं."

"सावलीत?"

"हो," मी म्हटलं.

तिथं सावली नव्हती, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. पण खणायचं काम सगळ्यांनाच करावं लागतं, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी ते दोनदा वाचलं होतं.

जॉर्डनला आम्ही वीसजण होतो. पहाटे टेकाडावर जायचं, ऊन चढेपर्यंत खणायचं, दुपारी झोपायचं, चारनंतर सापडलेली खापरं धुवायची. यंत्राचं काम सकाळचा एखादा तास. उरलेला वेळ मी खड्ड्यात. पहिल्याच दिवशी माती वाहायच्या टोपल्या दिल्या. जुन्या टायरच्या रबराच्या, दोन कानांच्या. त्यांचं तिथलं नाव मला "गुफा" असं ऐकू आलं, पण नावाची गरजच नव्हती. आमच्याकडे बांधकामावर हल्ली अशीच घमेली असतात. मी ओळखलं आणि कुणाला काही बोलले नाही.

मला वाटलं होतं, मला जमेल. का वाटलं होतं ते आता सांगता येत नाही. आईच्या अंगात आहे ते माझ्याही असेल, असं काहीतरी. प्रत्यक्षात सगळ्यांत वाईट मीच निघाले. अर्धी टोपली उचलली तरी कंबर वाकायची. माझ्या खड्ड्यात ओहायोचे एक निवृत्त पाद्री होते, सत्तरीचे. लहानपण शेतावर गेलेलं, त्यामुळे ते भरलेली टोपली सहज मांडीवर घेऊन उठायचे. एकदा त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, तुझ्या घरी कुणी असं काम केलं नसेल, नाही का? मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाही कळलं नाही. त्यांनी माझ्या बोटांना लावायला पट्टी दिली.

न्याहारीला ते त्या प्रदेशाच्या जुन्या वंशावळी सांगायचे. अमक्याचा मुलगा तमका, असं लांबपर्यंत, सगळं तोंडपाठ. एकदा मला म्हणाले, तुला तुझ्या किती पिढ्या माहीत आहेत? मी विषय बदलावा म्हणून सांगितलं की आमच्या भाषेत पणजोबांच्या वडिलांना खापरपणजोबा म्हणतात आणि आपण रोज धुतो त्या तुकड्यालाही खापर म्हणतात. ते खूश झाले. संध्याकाळी सगळ्यांना सांगत फिरले. मला आजोबांचं नाव माहीत आहे. त्यांच्या वडिलांचं नाही. आईलाही माहीत नाही. ते कुठं लिहिलेलं असेल असंही वाटत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

एका सकाळी बाकीचे न्याहारीला उतरले आणि मी मागे राहिले. उपसलेल्या मातीच्या ढिगामागे गेले, गळ्यातली ओढणी काढली आणि तिची चुंबळ वळली. वळणं बरोबर जमलं. ते हातांनी बघून ठेवलं असावं. टोपली अर्धी भरून डोक्यावर घेतली आणि सरळ उभी राहिले. दोन पावलं गेले असेन. मग माती केसांतून, मानेवरून, कुडत्याच्या आत. मी तिथंच बसले आणि मला हसू आलं. हसता हसता लक्षात आलं की हे सांगण्यासारखं माणूस जगात एकच आहे आणि तिलाच सांगता येणार नाही.

आई रोज विचारायची, काय जेवलीस, दाखव. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी ताट उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. भात, वांगं, दही. आई ताटाकडे बघतच नव्हती.

"हात दाखव."

"अगं, जरा लागलंय."

"दाखव म्हनतो ना."

आमच्याकडे बायकाही "म्हणतो, जातो" असंच बोलतात. रूममेट त्याची नेहमी नक्कल करायची. मी हात दाखवला.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. मला नुसती तिची भुवई दिसत होती. "हे फावड्याचे नाई," ती म्हणाली. "फावड्याचे फोड अंगठ्याखाली येतात. हे बोटांच्या पेरावर हायेत. घमेल्याच्या कानाचे." आणि मग, "याच्यासाठी गेलीस तू?"

मी सांगायला लागले की इथं सगळेच करतात, प्रोफेसरबाईसुद्धा करतात. ती म्हणाली, "ठेवतो मी." आणि ठेवला.

आई मला रोज फुलांचं चित्र पाठवायची, शुभ सकाळ लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी ते आलं नाही. नंतरही आलं नाही. मी पाठवलेलं सगळं ती वाचत होती, निळ्या खुणा उमटत होत्या. शेजारच्या मावशींनी कळवलं की आईची तब्येत बरी आहे, काळजी करू नको, जरा रागात आहे.

निघायच्या आदल्या दिवशी प्रोफेसरबाईंनी मला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षी एका खड्ड्याची जबाबदारी घेशील का, आणि मास्टर्स झाल्यावर पीएचडी पुरातत्त्वात करशील का, असं विचारलं. म्हणाल्या, तुला माती वाचता येते. सेमिस्टर सुरू व्हायच्या आत कळव.

मला करायचं होतं. इतकं स्पष्ट मला यापूर्वी कधी काही वाटलं नव्हतं. खड्ड्याच्या भिंतीत मातीचा रंग बदलतो, तिथं एक घर संपून दुसरं सुरू होतं, आणि ती रेघ मला यंत्राशिवाय दिसायला लागली होती. पण ज्या घमेल्याखालून तिनं मला उचलून बाहेर ठेवलं, त्याच घमेल्याकडे मी आपल्या पायांनी परत चालले होते. तिला न विचारता हो म्हणणं मला शक्य नव्हतं आणि ती बोलत नव्हती.

परत येताना विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, सामानात माती आहे का? मी नाही म्हटलं. बूट मी घासून धुतले होते. पण अपार्टमेंटवर येऊन कपडे झटकले तर कुडत्याच्या शिवणीतून बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर राखाडी माती पडली. मी ती पाणी टाकून लगेच वाहू द्यायला हवी होती. पण ती तशीच दोन दिवस राहिली. बघायला कुणी नव्हतं. रूममेट ऑगस्टच्या शेवटी येणार होती. फ्रिजमध्ये तिची अर्धी लोणच्याची बरणी होती. मी एक वाटी भात लावायची, दोन वेळा तोच खायची. सकाळी बसनं लॅबला जायचं, तळघरात बसून खड्ड्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे, संध्याकाळी परत. बाई अजून जॉर्डनहून आल्या नव्हत्या. त्यांची मेल आली होती, एका ओळीची. विचार झाला का?

मी आईसाठी आवाजाचा मेसेज रेकॉर्ड केला आणि पुसला. परत केला, परत पुसला. माफी मागितली तर खोटं झालं असतं, कारण मला वाईट लपवल्याचं वाटत होतं, खणल्याचं नाही. शेवटी मी काही बोललेच नाही. एक फोटो पाठवला. पाद्रीबाबांनी काढलेला. आधी आईला मी तोच फोटो खालून कापून पाठवला होता, तेव्हा नुसता माझा चेहरा आणि टोपी होती. आता अख्खा पाठवला. त्यात टोपली होती, पोटाशी धरलेली, आणि मातीनं भरलेले हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर होते तेव्हा फोन वाजला. नागपूरला संध्याकाळ झाली असणार. आईनं "काय करून रायली?" वगैरे काही विचारलं नाही.

"त्या मातीत काय निघालं?"

मी सांगितलं. बहुतेक खापरंच. ती ब्रशनं धुवायची, वाळवायची, मग प्रत्येकावर शाईनं बारीक नंबर घालायचा.

"एकेकावर?"

"हो."

"आमच्या इथं नंबर मजुराले होते," ती म्हणाली. "मातीले नाई."

बस आली. मी ड्रायव्हरला हातानं जा म्हणून खुणावलं. आता तासभर दुसरी नव्हती.

आई सांगत होती की एका कॉलेजचा पाया खणताना अख्खं मडकं निघालं होतं. काळं, चकचकीत, आतून लाल. तिच्याच घमेल्यात आलं. ठेकेदार म्हणाला फेक, वेळ नाही.

"मग?"

"मंग काय. फेकलं. कोनी इचारलं नाई." मागे कुकरची शिट्टी झाली. "कोनत्या कॉलेजच्या खाली हाय, ते दाखवू शकतो मी अजून."

मी पुढच्या वर्षाचं सांगितलं. खड्ड्याची जबाबदारी, पीएचडी, सगळं.

"डोक्यावर घेतलं होतं का?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. "एकदाच. सांडलं."

"सांडनारच. तुले कोनं शिकवलं?"

"कुणीच नाही."

"शिकवनार बी नाई." मग म्हणाली, "जा. खन काय खनायचं ते. पन डोक्यावर घ्यायचं नाई."

तिचा आवाज खूश नव्हता. तो नियम सांगतानाचा आवाज होता, लहानपणी नळावर जाताना ऐकलेला. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "ठेवतो."

मी बसस्टॉपच्या बाकावर बसूनच बाईंना मेल लिहिली. दोन वाक्यांची मेल, पण ती तीनदा वाचून पाठवली. रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे आपोआप सुरू झाले आणि आपोआप बंद झाले. पुढची बस यायला अजून चाळीस मिनिटं होती. बोटांच्या पेरांवरची कातडी आता निघायला लागली होती. मी ती सोलत बसले.