डोझर पाहण्याचा कार्यक्रम

घर बांधताना आणि लग्न करताना किस्से जमतात म्हणे. म्हणणाऱ्यांनी जुना डोझर घ्यायला निघालेला नवरा पाहिलेला नसावा. आमच्याकडे सगळा उन्हाळा हेच चाललं, आणि एकेक किस्सा आठवला की अजूनही माझं डोकं तापतं.

आमचे हे अमरावतीत दुसऱ्याच्या डोझरवर ऑपरेटर आहेत. आता यांना स्वतःचा हवा. पैसा कुठून, तर माझं वावर विकून. अंजनगावकडचं शेत, बाबांनी माझ्या नावावर करून दिलेलं. पोरगी लहान आहे, आणि तिच्यासाठी माझ्याजवळ तेवढंच आहे. म्हणून मी म्हटलं, वावर माझं तर डोझर पाहायला मी पण येणार. सोबत यांचे मित्र दिनूभाऊ. त्यांना मशीनमधलं सगळं समजतं, असं ते स्वतःच सांगतात.

*

पहिला डोझर धामणगाव रेल्वेला. पोचल्या पोचल्या दिनूभाऊंनी पिशवीतून नारळ काढला आणि डोझरसमोर फोडला. हळदकुंकू, उदबत्ती, सगळं केलं.

"भाऊ, अजून पाह्यला कुठं आपण?" मी म्हटलं.

"वयनी, शुभ काम हाय. आधी देवाचं, मंग मशीनचं."

मग मशीनचं पाहिलं. चेन एका बाजूनं लोंबलेली, खाली ऑइलचं डबकं. मी म्हटलं, चला घरी. तर हे कानात म्हणतात, "नारळ फोडला न आता. नाही म्हणलं तं बरं दिसते का?"

"मंग खोबरं घ्या अन् चला."

घरी येईपर्यंत दोघंही माझ्याशी बोलले नाहीत. खोबरं मात्र संपवलं.

*

दुसरा अकोल्याला. पिवळाधम्मक. दिनूभाऊ लांबूनच म्हणाले, "काय चमकून राह्यला राजा!"

पोरीनं त्याला हात लावला तर तळवा पिवळा. तोच हात तिनं माझ्या पातळाला पुसला.

मालक म्हणाला, "कालच पूर्ण सर्व्हिसिंग केलं त्याचं."

"सर्व्हिसिंग म्हणजे काय काय केलं?" मी विचारलं.

त्यानं जरा विचार केला. "रंग देला."

*

तिसरा इथलाच, अमरावतीचा. त्या मालकाला आधीच फोन करून बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन पटकन सुरू झालं तर ते खरं, हे यांनीच मला कधीतरी सांगितलेलं.

सेल्फ मारला की सुरू. यांचा चेहरा असा उजळला, जसा पोरगी झाली तेव्हाही उजळला नव्हता. बंद केल्यावर मी बॉनेटला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"आत्ता तं सुरू केलं. इतकं गरम काहून?"

"वयनी, ऊन किती हाय," मालक म्हणाला.

"डोझर तं लिंबाखाली उभा हाय."

मालक वर लिंबाकडे पाहायला लागला. पण आमचे दिनूभाऊ कुठले गप्प बसतात? "लिंबबी तापते वयनी."

ते आमच्या बाजूनं आले होते की त्याच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

*

घरी आल्यावर सासूबाई सुरू झाल्या. "बाईमाणसानं काय डोझर पाहा लागते का?"

माझं टाळकंच सरकलं. मी सातवी शिकलेली, मला पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनी मला अंगणात चालायला लावलं होतं. वेणी सोडून केस पाहिले, पेपर वाचून घेतला, सुईत दोरा ओवायला दिला. मी म्हटलं, "आई, मले तं चालवून पाह्यलं होतं तुमी. थो डोझर दोन हातबी कोणी चालवला नाही."

सासूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "इतकं पाहून घेतलं, तरी फसलोच न आमी."

*

शेवटचा बार्शीटाकळीजवळ. हा यांना इतका आवडला की मला न विचारता वावराच्या गिऱ्हाइकाला निरोप गेला, उद्या सहीला येतो. हे मला डोझरसमोर उभी असताना कळलं, तेही दिनूभाऊंच्या तोंडून.

मालकानं पुढचं माती लोटायचं ब्लेड वर उचललं आणि इंजिन बंद केलं. "हायड्रॉलिक पाहा. उचललं का उचललं. आठ दिवस खाली येत नाही."

हे माझ्याकडे पाहून हसले. तेवढ्यात चहाचा ट्रे आला. मी पोरगी यांच्या कडेवर दिली, ट्रे घेतला, आणि त्या ब्लेडच्या खाली सरकवून बाजूला झाले.

"बसा. इथं सावली हाय."

कोणी हललं नाही.

"दिनूभाऊ, बसा न."

"मी चहा सोडला वयनी."

"मालक, तुमी?"

"मले शुगर हाय."

हे मात्र तावातावानं ब्लेडखाली बसायला निघाले, पोरीला घेऊनच.

"पोट्टी माह्याजवळ द्या," मी म्हटलं, "मंग बसा."

यांनी पोरीकडे पाहिलं, ब्लेडकडे पाहिलं, आणि पाय तिथेच थांबले.

चहावर साय धरली. ब्लेड हलताना डोळ्याला दिसत नव्हतं, पण खाली येत होतं. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. एक कप करकरला, मग बाकीचे.

मालक म्हणाला, "वयनी, आमचे कप फुटले न."

"कपच फुटले," मी म्हटलं.